आधी झेला, मग माणूस

एप्रिल लागला की मी एक यादी करते. स्वभावच तसा. शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं क्लार्की केली की माणूस भाजी आणायलाही अनुक्रमांक टाकून निघतो. ही यादी परसातल्या एकुलत्या एका पायरीच्या झाडाची. आंबे उतरवायचे तर काय काय लागेल ते: भाताचा पेंढा, क्रेट, सुतळी, एक गडी, आणि पाचव्या क्रमांकावर 'झेला – सरूकाकीकडून'. यंदाही हात सवयीने लिहीत गेला, आणि पाचवं लिहून झाल्यावर पेन थांबलं. सरूकाकी भाद्रपदातच गेली.

ज्यांनी बाजारातलाच आंबा पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. झेला म्हणजे लांब बांबू. टोकाला लोखंडी कडं, कड्याला दोऱ्याची जाळी आणि एक धारदार पातं. पात्याने देठ तुटतो, आंबा जाळीत पडतो, जमिनीला लागत नाही. रत्नागिरीच्या आसपास ज्याच्या घरी झेला नाही त्याच्या शेजाऱ्याकडे तो असतोच. माझी शेजारीण सरूकाकी. तिच्या आणि माझ्या आवारात कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यावरून वर्षानुवर्षं विरजण, कढीपत्ता, झेला आणि काकीचा आवाज माझ्याकडे येत राहिला. आवाज सगळ्यात जास्त.

तो आवाज बहुतेक वेळा धोंडूकाकांच्या चुका काढत असे. धोंडूकाका म्हणजे तिचा नवरा, बागायतदारांकडे आंबे उतरवणारा. अंगाने सुपारीच्या झाडासारखा, बोलायला त्याहून कमी. मोहोर करपला तर चूक धोंडूकाकांची. कोंबडी खुडूक बसली तर त्यांचीच. एकदा टीव्हीवर भारत हरला तेव्हाही काकीने पडवीत बसलेल्या काकांना विचारलं होतं, "तुमी कशाला बघत बसलाव?" काका विडी विझवून उठले आणि गोठ्यात गेले. त्यांचं उत्तर नेहमी गोठ्यात असे.

मी एकदा म्हटलं, "काकी, माणसाला कधीतरी बरं म्हण."

"बरा हाय म्हणून तं बोलत्ये. वायट असता तं बोलले असते काय?"

सहा वर्षांपूर्वी, आंब्याच्या ऐन हंगामात, धोंडूकाका संध्याकाळी बागेतून घरी येत होते. खालच्या वळणावर चिरे भरलेल्या टेम्पोने त्यांना मागून ठोकरलं. जागीच गेले. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन. काकीही कधी त्याहून जास्त बोलली नाही.

मोटार अपघाताचा दावा लावायचा हे ठरवलं मी. कागद म्हटले की मला हुरूप येतो. मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला, आधारकार्ड, फोटो अशी मी सतरा बाबींची यादी केली. प्रत्येकीपुढे चौकोन आणि चौकोनात बरोबरची खूण. फाईल निळी. काकीला ती निळी फाईल भारी आवडली, पण दाव्यात तिला रस नव्हता. पैशाने काय माणूस येतो, असं म्हणून ती भाकऱ्या थापत राहिली. तिच्या मुंबईतल्या मुलालाही दगदग नको होती.

मग विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलं. मी ते गडग्याशी उभी राहून वाचून दाखवलं. 'मयत इसम हा झाडीतून अचानक रस्त्यात आला. सदर अपघात मयताच्या स्वतःच्या चुकीमुळे व निष्काळजीपणामुळे घडला आहे.'

काकीने हातातलं सूप खाली ठेवलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"त्येची चूक?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"ही कंपनी कोण? त्येला वळखते? त्येच्या संगती चाळीस वर्षां रायली काय?" काकी गडग्याच्या अगदी जवळ आली. "त्येच्या चुका काढायचा हक्क माजा. दुसऱ्या कोणाचा नाय. ह्या कागदावर लिवलंय ना, मंग ह्याच्याच वरच्या कागदावर लिवून पायजे, चूक त्येची नव्हती म्हणून. कोडती चल."

त्या दिवसापासून कोर्टातला दावा तिचा झाला. तिला काय हवं आहे ते आमच्या वकिलांना, इम्तियाजभाईंना, पहिल्याच भेटीत कळलं. इम्तियाजभाई खाडीकाठच्या गावचे, बोलायला सावकाश, टेबलावर बडीशेपेची डबी. ते रकमेचा हिशेब समजावू लागले तेव्हा काकीने त्यांना हाताने थांबवलं.

"भाई, त्या तुमचा तुमी बघा. माका... मला एक वळ पायजे. निकालात. 'चूक त्येची नव्हती.' तेवडी लिवून घ्या."

"काकी, निकालातली ओळ मी नाही लिहीत, न्यायाधीश लिहितात."

"मंग त्यांना सांगा."

इम्तियाजभाईंनी बडीशेप तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे पाहिलं.

कोर्टाच्या तारखा म्हणजे सगळ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा. काकीच्या नाही. काकीला तारीख हे एक गावच वाटे, जिथे महिन्या-दोन महिन्यांनी जायचं. वाचता येत नसल्यामुळे ती तारखा आपल्या पद्धतीने लक्षात ठेवी: 'संकष्टीच्या दुसऱ्या दिशी', 'वरच्या वाडीतल्या पोराच्या हळदीला'. मी मात्र वहीत लिहून ठेवत असे, लाल पेनाने. चार वर्षांत एकदाच तारीख चुकता चुकता राहिली, आणि ती माझ्या वहीतली चुकीची होती. सकाळी साडेसहाला काकी नेसून-बिसून दारात उभी. "बाय, आज नाय काय? काल संकष्टी सोडली ना आपण?" मी वही उघडून दाखवली, पुढचा आठवडा. काकीने वहीकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने चपला घातल्या. तारीख त्याच दिवशी होती. परतताना ती म्हणाली, "वहीची चूक हाय, तुजी नाय." धोंडूकाकांना हे औदार्य कधी मिळालं नव्हतं.

कोर्टात जाताना तिच्या पिशवीत खाणं असे. उकडलेल्या फणसाच्या आठळा, नाहीतर आंबोळ्या. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात बसून वाटप करी. आम्हाला, पट्टेवाल्याला, शेजारच्या बाकावर घटस्फोटासाठी आलेल्या दोघांनाही. ते दोघं एकाच पानावर खात होते असं काकीचं म्हणणं. मी पाहिलं नाही. विमा कंपनीचे वकील, चष्मेवाले, तरतरीत गृहस्थ, जिन्यावरून जाताना दिसले तर त्यांनाही हाक.

"काकी, ते आपल्या विरुद्ध आहेत," मी कानात सांगितलं.

"विरुद्ध हाय तं उपाशी ठेवायचा? त्येची पण आयस असंल की घरात." आणि मोठ्याने, "ओ वकील! खाऊन जावा. भांडायला जोर नको?"

वकिलांनी दोन आठळा घेतल्या आणि उभ्यानेच सोलल्या.

मध्ये एकदा लोकअदालतीत तडजोडीची बोलणी झाली. कंपनीचं म्हणणं असं की चूक निम्मी टेम्पोची, निम्मी मयताची धरू आणि मिटवू. इम्तियाजभाईंनी ते नीट समजावून सांगितलं. सल्ला वाईट नाही, लवकर सुटाल, असंही म्हणाले. समोर कंपनीचे वकील, पॅनलवरच्या एक बाई आणि एक निवृत्त गृहस्थ. काकी शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, आता ही मान डोलावणार.

"म्हणजे निम्मी चूक त्येची?"

"हो आजी," पॅनलवरच्या बाई म्हणाल्या.

"मंग त्यो निम्मा मेला काय?"

कंपनीचे वकील कागद चाळू लागले.

"पुरा मेला ना? मंग निम्मी चूक कशाला घेव मी?" ती उठली, पिशवी घेतली. "चला भाई. पुढली तारीख काडा."

मग उलटतपास आला. त्याच्या आदल्या दिवशी मी काकीला पढवलं. थोडं बोल. विचारलं तेवढंच सांग. काकांना शिव्या द्यायच्या नाहीत. काकीने तिन्ही गोष्टी मान्य केल्या. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर त्यातली एकही पाळली नाही.

"मयताला ऐकायला कमी येत होतं, हे खरं आहे का?" चष्मेवाल्या वकिलांनी विचारलं.

"माजां ऐकत नसत. बाकी जगाचां सगळां ऐकू येय."

न्यायाधीश मॅडम खाली पाहून लिहू लागल्या. लिहीत होत्या की हसत होत्या, ते शेवटच्या बाकावरून कळलं नाही.

"मयत दारू पीत होते?"

"शिमग्यात. पालखी नाचवताना. तुमच्या गावात पालखी कोरडीच नाचते काय?"

"फक्त हो किंवा नाही सांगा. तुम्ही स्वतः शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर त्यांना बेजबाबदार, वेंधळा असं म्हणत होतात. खरं की खोटं?"

हा प्रश्न कुणीतरी गावातून पुरवलेला होता. इम्तियाजभाईंचा हात बडीशेपेकडे गेला, पण डबी ऑफिसात होती.

"खरां," काकी म्हणाली. "रोज म्हणत व्हते. आणि त्यो वेंधळा रोज तीस-तीस हातांच्या झाडावर चढून सांजचा धड घरी येत व्हता. चाळीस वर्षां. झाडावरनं पडला नाय, रस्त्यावर कसा पडंल?"

"म्हणूनच सांगतो, तो झाडीतून अचानक रस्त्यात आला," वकील म्हणाले.

"अचानक तो कधी जेवायला पण आला नाय," काकी म्हणाली.

बाहेर आल्यावर मला वाटलं, खरं बोलून हिने दावा घालवला. ऑफिसात बसून इम्तियाजभाई पंचनामा नव्याने वाचू लागले. तो त्यांनी दहा वेळा वाचला होता, मी वीस वेळा; सतरापैकी तिसरी बाब. या वेळी ते एका ओळीवर थांबले. "'रस्त्याच्या डाव्या कडेस, गटारालगत, एक बांबू, लांबी अंदाजे बारा हात, टोकाला हिरवी चिंधी.' कंपनी म्हणते, या बांबूचा मयताशी संबंध नाही. काकी, हा बांबू कसला?"

"बांबू?" काकीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "त्यो बांबू नाय. त्यो झेला. बागेतनं काय हात हलवीत येयल?"

"झेला? मग कडं कुठंय? जाळी कुठंय?"

काकीने माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडं."

इम्तियाजभाई माझ्याकडे वळले.

"माझ्याकडे?"

"परवा नेलास ना आंबे काडायला? त्योच."

मग सगळं बाहेर आलं. अपघातानंतर पंचनामा होईपर्यंत वाडीतल्या लोकांनी रस्त्यावरचं सामान गोळा केलं होतं. काकांच्या चपला, डबा, आणि बांबूवरून निखळलेलं कडं जाळीसकट, असं पिशवीत घालून काकीच्या पडवीत आणून ठेवलं. पोलिसांना उरला फक्त बांबू. आणि काकीने बाराव्या दिवसानंतर काय केलं? झाडांवर आंबे पिकून गळत होते. तिने नवा बांबू आणला, तेच कडं त्यावर तसंच बांधलं आणि आंबे काढले. पुढच्या वर्षीही काढले. त्याच्या पुढच्याही. आणि तिचे काढून झाले की गडग्यावरून झेला माझ्याकडे येई.

इम्तियाजभाईंनी कपाळाला हात लावला. "काकी! चार वर्षं तुम्ही पुराव्याने आंबे काढताय!"

"मंग? झेला चांगला हाय. टाकायचा काय?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"कोणी इचारलां?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. माझ्या सतरा बाबींत आधारकार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स होती, झेला नव्हता. जो मी दर वर्षी स्वतःच्या हाताने उचलत होते, ज्याच्या कड्यावरची हिरवी चिंधी माझ्या बोटांना दर वेळी लागत होती. ती चिंधी काकीच्या लुगड्याच्या काठाची. कडं बांबूला घट्ट बसावं म्हणून धोंडूकाकांनी तिला न विचारता फाडून घेतलेली. अर्धी कड्याला, अर्धी बांबूच्या टोकाला. "नवां लुगडां व्हतां," काकी म्हणाली. "तेव्हा आठ दिवस बोलत व्हते त्येला." आणि लुगडं? "हाय ना. ट्रंकेत. फाटलेलां टाकतात काय?"

पुढच्या तारखेला झेला कोर्टात न्यायचा ठरला. माझे निम्मे आंबे झाडावरच राहिले.

एसटीत बारा हातांचा झेला शिरवणं हे काम एका यादीत मावणारं नाही. तो मागच्या दाराने आत आला आणि ड्रायव्हरच्या जाळीपर्यंत पोचला. मधल्या रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर त्याचा थोडा थोडा वाटा आला. कंडक्टर म्हणाला, "आजी, याचं तिकीट पडेल."

"काड. माजां अर्धां हाय, बायकांचां. ह्येचां अर्धां काड. दोघांचां मिळून एक पुरां."

"हा बाईमाणूस आहे काय?"

"बाईमाणसाचाच हाय," काकी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. कंडक्टरने झेल्याचं तिकीट काढलं नाही.

कोर्टाच्या फाटकावर पोलिसाने अडवलं. पात्याला धार होती ना. इम्तियाजभाईंनी अर्जाची प्रत दाखवली, पातं काढून ठेवलं, मग सोडलं. वर न्यायाधीश मॅडमसमोर कंपनीचे वकील उभे राहून सांगत होते की मयत इतका अचानक समोर आला की चालकाला ब्रेक लावायला सवड मिळाली नाही. "वस्तू हजर आहे का?" मॅडमनी विचारलं. "आत आणा."

मी आत बसले होते, त्यामुळे मला जे दिसलं तेच मॅडमना दिसलं. दारातून आधी एक कडं आलं. त्याला लोंबणारी जाळी, संथपणे हलत. मग बांबू. मग आणखी बांबू. पुढच्या बाकावरचे दोन वकील वाकले. बांबू येतच होता. टायपिस्टने मान बाजूला घेतली. कंपनीचे चष्मेवाले वकील अगदी जाळीच्या वाटेत होते. त्यांनी नकळत जाळी हाताने धरली आणि टाइपरायटरच्या वरून पलीकडे नेली. अजून बांबू. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी, "जरा डावीकडे घ्या आजी," म्हणत होतं. आणि सगळ्यात शेवटी, बांबूच्या दुसऱ्या टोकाला, खांद्यावर पदर, चार फूट आठ इंच काकी.

कोर्टात सगळे दाराकडे पाहत होते. काकीने झेला खाली टेकवला, घाम पुसला आणि चष्मेवाल्या वकिलांना, भांडणाच्या नव्हे, घरच्या सुरात विचारलं, "काय वो वकील, मी अचानक आले काय?"

वकिलांच्या हातात अजून जाळी होती.

"ह्यो खांद्यावर घेऊन माणूस अचानक येत नाय. आधी झेला येतो. मंग माणूस येतो."

मग काकीच्या पिशवीतून लुगडं निघालं, काठ जुळवून पाहिला गेला, कड्यावरची चिंधी आणि पंचनाम्यातली ओळ नोंदली गेली. बांबू काकांचाच, आणि तो गटारालगत रस्त्याच्या कडेने पडलेला होता. म्हणजे झेला घेऊन चालणारा माणूसही कडेनेच चालत होता. पण ही सगळी नंतरची कागदपत्रं. माझ्या मते दावा त्या दारातच निकाली निघाला.

निकालाची नक्कल आली तेव्हा इम्तियाजभाई रक्कम सांगू लागले. काकीने पुन्हा हात वर केला. "वळ वाचा."

त्यांनी पानं उलटली. "'मयताची कोणतीही चूक असल्याचे दिसून येत नाही.'"

"परत."

त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा मी वाचलं. काकीने माझ्याकडून त्या ओळीखाली लाल रेघ मारून घेतली आणि त्या एकाच पानाची झेरॉक्स मागितली. पैसे बँकेत गेले, मुलाने घराचं छप्पर नवं केलं. झेरॉक्स मात्र काकांच्या फोटोमागे गेली.

ती फोटोमागे सारताना मी तिथेच होते. जन्मभर नवऱ्याला 'अवो' म्हणणारी काकी, तो गेल्यावर फोटोला 'तू' म्हणू लागली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "देवाला कोण अवो-जावो करतां?" त्या संध्याकाळी तिने फोटोची काच पदराने पुसली आणि म्हणाली, "ऐकलास? कोडतीत लिवून दिलानी. चूक तुजी नव्हती." फोटो भिंतीवर सरळ केला. मग, "ह्या येळंला."

गेल्या वर्षी, शेवटच्या हंगामात, मी शाळेतून स्कूटरवरून परतत होते. खालचं वळण, तेच. वळणाच्या आड एका गडग्याच्या वरून आधी एक कडं दिसलं आणि हलणारी जाळी. मी स्कूटर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाय टेकून थांबले. माझ्या मागून चिऱ्यांचा एक टेम्पो येत होता; मी हात केला, तोही थांबला. बांबू सावकाश पुढे सरकत राहिला. मग वळणातून काकी आली, कडेकडेने, गटारालगत, पिशवीत दोन-चार पायरी आंबे.

"काय गो, उभी कशाला?" ती म्हणाली. "पेट्रोल संपलां? मेल्या वहीत लिवून ठेवायचां ना."

आणि ती तशीच पुढे निघून गेली. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला नाही.